कापराने मच्छर वांझ होत नाही, ड्रमची झाकणं परत लावा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज तीनदा येऊन गेला तेव्हा मी सोडून दिला. रोज संध्याकाळी कापूर आणि कडुलिंबाचा पाला जाळा, सात दिवसांत वासाने मच्छराची मादी वांझ होते, महिन्यात अख्खी गल्ली साफ, मग पाणी झाकायची गरज नाही न् औषध टाकायची पण नाही. पण रविवारी पारोळ्याकडे मावशीच्या घरी गेलो तर मोरीतले चारही ड्रम उघडे. तिकडे नळ रोज येत नाही म्हणून पाणी साठवल्याशिवाय इलाज नाही. विचारलं तर म्हणते, "आते झाकन कसाले?" मोबाईलचा टॉर्च मारला, पाण्याच्या वरच्या थराला अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या, जरा सावली पडली की वळवळत तळाला. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे हो!

आता वांझ व्हायचं बघू. डेंग्यूवाला एडिस मच्छर घ्या. त्याची मादी साधारण एकदाच नराशी जुळते आणि ते बीज पोटातल्या पिशवीत जन्मभर साठवून ठेवते, कापराच्या वासाने त्या पिशवीला काही होत नाही. तिला अंड्यांसाठी फक्त रक्त लागतं. तुमच्या घरात वास आला तर ती शेजारी जाऊन चावेल, आणि एका वेळची शंभरेक अंडी घालायला पाणी शोधेल, ते तुमच्या मोरीत उघडं पडलंय. कापराचा वास तर थोड्या वेळात उडून जातो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. हवेत पसरणाऱ्या औषधाने मच्छर कमी होऊ शकतात. पेरू देशातल्या इक्विटोस शहरात याची मोठी चाचणी झाली, 2022 ला निकाल छापून आला. ट्रान्सफ्लुथ्रीन नावाचं मच्छर पळवणारं औषध लावलेले तुकडे घराघरात टांगले, दर दोन आठवड्यांनी बदलले, तर एडिसमुळे होणारी लागण 34 टक्क्यांच्या आसपास कमी झाली आणि घरात सापडणारे एडिस 28 टक्क्यांच्या आसपास. कमी चावा म्हणजे कमी रक्त, कमी रक्त म्हणजे कमी अंडी, हे बरोबर. पण ते मोजूनमापून लावलेलं औषध होतं, देवघरातला कापूर नाही, आणि तरीसुद्धा जवळपास पाऊण मच्छर उरलेच ना! वांझ कोणी झालं नाही.

आणि झाकण काढा म्हणणाऱ्याला तर हात जोडून सांगतो, बाबा हे डिलीट कर. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर ड्रमच्या भिंतीला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने तगतात, ड्रम परत भरला की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत नवीन मच्छर उडतो. म्हणून कोरड्या दिवशी नुसतं पाणी ओतून चालत नाही, आतून घासावंच लागतं. आपल्याकडे तर उन्हाळाभर चाललेले कुलर पावसाळ्यात तळाशी पाणी घेऊन तसेच पडून असतात, तिकडे कोणी बघत नाही.

अ‍ॅबेटने, म्हणजे अळ्या मारायला पाण्यात टाकतात त्या टेमेफॉस औषधाने, किडनी जाते असं पण त्या मेसेजमध्ये लिहिलंय. साठवलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत टेमेफॉस चालतं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आशाताई मापाने टाकतात, टाकू द्या. पाल्याचा धूर बाळाच्या खोलीत नको, बस.

चारही ड्रम काथ्याने घासून उन्हात पालथे घातले. तिघांची झाकणं सापडली, चौथ्याला मावशीचं जुनं लुगडं दुहेरी करून सुतळीने आवळलंय. गच्चीवरचा कुलर राहिलाय, तो या रविवारी.