बदला की त्याला!

आमच्या तालमीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या पेठेतले म्हणतील, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. आणि पलीकडच्या पेठेतले हा लेख फ्लेक्सवर छापून चौकात लावतील. मला दुसऱ्याची भीती जास्त आहे. कोल्हापुरात फ्लेक्स लावायला एरवीही कारण लागत नाही, इथं तर मी आयतंच देतोय.

परगावच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो. आमच्या तालमीतही कुस्तीचा हौदा आहे. त्यात सध्या ढोल, गेल्या वर्षीच्या गणपतीची झालर आणि गोलपोस्टची फाटकी जाळी आहे. कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉल कधी धरला आणि तो घरात कसा घुसला हे म्हातारी माणसं वेगवेगळं सांगतात. पण आज पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ही नावं उच्चारली की इथल्या माणसाला आधी बॉल दिसतो. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, आणि ते अर्धंही मालक जागेवर नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून.

कुस्तीचं एक बरं होतं. खासबागेत उतरायला एक पैलवान पुरायचा. फुटबॉलला अकरा लागतात. ही अट आमच्या पूर्वजांनी नीट वाचली नसावी.

तसं बघायला गेलं तर डिसेंबरात आमचा संघ भरलेला असतो. नोंदणीच्या कागदावर वीस नावं. नारळ फुटतो, जर्सीचं अनावरण होतं, फोटोत दोन रांगा बसतात. मागं नगरसेवक, माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक उभे राहतात. तो फोटो बघितला तर वाटतं, हे यंदा कुणाला ऐकत नाहीत. मात्र फोटोतल्या माणसांपैकी नेमके कोण खेळणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही. अपशकुन होतो.

गळती लागते ती फॉरवर्डपासून. चार गोल मारले की पोरगं मोठ्या तालमीच्या डोळ्यांत भरतं. युरोपात खेळाडू पळवायला वकील, एजंट, वैद्यकीय तपासणी असलं काय काय लागतं. आमच्याकडं मिसळ लागते. कुणीतरी त्याला बुलेटवर बसवून मिसळीला नेतो, दोनदा कट मागवतो, आणि पुढच्या हंगामात पोरगं त्यांच्या जर्सीत आमच्यावरच गोल मारून आमच्याच गॅलरीला हात जोडतं. त्यातून जो खरोखरच हुशार निघतो तो कोल्हापूरच सोडतो. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या गावचा. त्याचा सगळ्या गावाला अभिमान आहे, मलाही. फक्त इतकंच, की आमच्या पेठेतलं एखादं पोरगं तसं चमकायला लागलं की आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच वेळी मनात येतं, आता राइट विंगला कोण?

स्टॉपर पोलीस भरतीला लागलाय. पहाटे सोळाशे मीटर पळतो, संध्याकाळी गोळा फेकतो. पाय दुखवून घ्यायला नको म्हणून मॅचला येत नाही. आमच्याकडून खेळताना तो एकदा जरी सोळाशे मीटर पळाला असता तरी मागच्या वर्षीचे सहा गोल वाचले असते. मधल्या फळीतल्या एका हाफची फेब्रुवारीत बारावी. त्याच्या आईनं तालमीत येऊन ज्या शब्दांत आमचा उद्धार केला, ते शब्द रेफ्रीनं ऐकले असते तर थेट लाल कार्ड. लेफ्ट बॅकचं लग्न ठरलं. मुहूर्त चारचा, मॅच चारची. 'मुहूर्त जरा पुढं ढकला' हा निरोप घेऊन आमचे मॅनेजर मुलीकडं गेले होते. ते परत आले आणि थेट लग्नाच्या दिवशी जेवायलाच पुन्हा गेले, विषय काढला नाही. आणि चैत्रात जोतिबाची यात्रा. आमचा एकुलता एक धड खेळणारा मिडफिल्डर देवाची उंच सासनकाठी नाचवायला जातो आणि खांदा धरून येतो. त्याला बोलायची सोय नाही. देवाचं काम आहे, आणि देवानं मनावर घेतल्याशिवाय आम्ही कुठली मॅच जिंकणार?

दोन वर्षांपूर्वी वर्गणी चांगली जमली म्हणून आम्हीही नायजेरियाहून एक फॉरवर्ड आणला होता. अख्ख्या संघात शिस्तीचा माणूस तोच. सकाळी सहाची प्रॅक्टिस म्हटलं की पावणेसहाला मैदानावर हजर. सात वाजेपर्यंत एकटाच बॉल भिंतीवर मारत बसायचा, आणि आमची पोरं आली की जांभया देत म्हणायची, 'ह्याला झोप लागत न्हाई वाटतं.' जाताना तो मॅनेजरना म्हणाला होता की पास चांगले मिळाले असते तर अजून गोल केले असते. आम्ही म्हटलं, भावा, आमचं पण तेच म्हणणं आहे.

माझा पुतण्या पुण्यात हिंजवडीला असतो आणि मँचेस्टर युनायटेडचा भक्त आहे. रात्री दीड-दोनपर्यंत जागून मॅच बघतो आणि सकाळी मला फोन करून रडतो. २०२४-२५च्या हंगामात त्याची टीम पंधराव्या नंबरवर आली, तेव्हा त्यानं दोन दिवस दाढी केली नाही. पुढं ऑगस्टात ग्रिम्सबी नावाच्या चौथ्या पायरीवरच्या टीमनं त्यांना टायब्रेकरवर १२-११ असं घालवलं. "काका, आमच्या स्क्वॉडला डेप्थच नाही," तो म्हणाला. मी विचारलं, तुमच्या बेंचवर किती जण असतात? म्हणाला, नऊ. मी फोन ठेवला. नऊ! आमच्याकडं नऊ जण पुऱ्या तालमीत एका वेळी दिसले तर लोक विचारतात, कोण गेलं?

जगात २०२० साली पाच खेळाडू बदलायची मुभा आली, तेव्हा म्हणे मोठमोठ्या टीमांनी आनंद केला. आम्हाला तो नियम एखाद्यानं हॉटेलात नेऊन 'काय पाहिजे ते मागव' म्हणावं आणि पाकीट आपल्याच खिशातलं निघावं तसा वाटला. आमच्या पोरांना नियमांपैकी एकच नियम तोंडपाठ आहे: सातच्या खाली खेळाडू गेले की मॅच चालू ठेवता येत नाही. ऑफसाइड अजून कुणाला धड सांगता येत नाही, पण हा आकडा झोपेत विचारा.

आता माझ्याकडं येतो. दहा-बारा वर्षं गॅलरीत माझी जागा ठरलेली आहे. शेजारी माझा एक दोस्त, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. आम्हा दोघांचं काम एकच. पहिली दहा मिनिटं 'जमतंय, जमतंय' म्हणायचं आणि नंतर ऐंशी मिनिटं 'बदला की त्याला!' म्हणून ओरडायचं. कुणाला, हे महत्त्वाचं नाही. ज्याच्या पायातनं बॉल जाईल त्याला. मी एकदा आमच्या गोलकीपरला बदलायला सांगितलं होतं, तेही त्यानं पेनल्टी अडवल्यावर, कारण अडवून त्यानं बॉल परत त्यांच्याच पायात दिला.

गेल्या हंगामात अशीच दुपारी दोनची मॅच. उन्हानं गॅलरीचा कट्टा तव्यासारखा तापलेला. आमचा राइट बॅक चालत होता. पळत नव्हता, चालत होता, जणू रंकाळ्यावर हवा खायला आलाय. मी उभा राहून सगळा जीव एकवटून ओरडलो, "बदला की त्याला!"

कोच वळले. एरवी ते वळत नाहीत. सरळ गॅलरीच्या जाळीपर्यंत चालत आले, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बदलतो की. कुणाला घालू? नाव सांग."

मी बेंचकडं बघितलं. तिथं चाळिशी ओलांडलेला दुसरा गोलकीपर होता. त्याच्या शेजारी पाण्याचा जार होता. त्याच्या शेजारी बारावीवाला, मांडीवर भौतिकशास्त्र उघडून. मॅच बघायलाही तो मान वर करत नव्हता.

मी खाली बसलो. दोस्तानं चिरमुऱ्याची पुडी पुढं केली.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. यंदा नोंदणीच्या आदल्या रात्री मॅनेजर घरी आले. चहा झाला, आईची तब्येत विचारून झाली, मग हळूच म्हणाले, "दादा, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो द्या. नुसतं नावाला. वीस भरायला एक कमी पडालाय." मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मी शेवटचा बॉलला पाय लावला तो गाडीखाली गेलेला बॉल काढायला. पण नुसतं नावालाच म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? तालमीनं मागितलं तर वर्गणी द्यायची, रक्त द्यायचं, फोटो द्यायला काय जातंय.

एप्रिलात सकाळी फोन आला. लग्न, खांदा, भरती, ताप. "दादा, बेंचवर नुसतं बसायचं. बेंच रिकामा दिसला की समोरच्यांना चेव येतो."

बायकोनं एकच प्रश्न विचारला, विम्याचा हप्ता भरलाय का. मुलीनं तिच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा कापून दिला, शिनगार्ड म्हणून मोज्यात घालायला. जर्सी एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या मापाची होती. ती अंगात गेली, पण मग श्वास बाहेर राहिला. स्टेडियमवर उतरलो तर समोरच्या गॅलरीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कुणी पाहुणा नाणेफेकीला आलाय. मी बेंचवर बसल्यावर त्यांना उलगडा झाला आणि मग जो आवाज उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. सर्वांत जिव्हारी लागलं ते आमच्याच गॅलरीतलं. शेंबडं पोरगं, मीच त्याला कडेवर घेऊन मॅच दाखवायला आणायचो, ते ओरडलं, "काका, पोट ऑफसाइडला हाय!"

पूर्वार्धात दोन गोल बसले. उत्तरार्धात पंचवीस मिनिटं झाली असतील, आमच्या राइट बॅकच्या पोटऱ्या धरल्या. तो आडवा झाला. कोचनी मैदानाकडं बघितलं, बेंचकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "वॉर्मअप."

मी रेषेच्या कडेनं पळायला लागलो. गुडघ्यांतनं सुपारी फोडल्यासारखा आवाज येत होता. पुठ्ठा मोज्यातनं वर येऊन मांडीला टोचत होता. परत आलो, ट्रॅकसूटची पँट काढायला वाकलो, एक पाय त्यात अडकला आणि मी दुसऱ्या पायावर नाचायला लागलो. जमिनीवर पडलेल्या राइट बॅकनं मान वळवून बघितलं.

"काका येतायत?" त्यानं विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. पोरगं उठलं. पोटरीवर दोन बुक्के मारले, थुंकी गिळली आणि लंगडत मैदानात पळालं. कॉर्नरला हेडिंग करायला गेलं, सगळ्यांच्या आधी.

"बघा," कोच माझ्याकडं वळून म्हणाले, "झाला का न्हाई उपयोग?"

त्यानंतर ते माझं कामच ठरलं. आमचा कुणी पडला की कोच स्प्रेची बाटली मागत नाहीत, "दादा, जरा उभं राहा" म्हणतात. मी उभा राहिलो की पडलेला बसतो. मी पँटच्या नाडीला हात घातला की बसलेला पळतो. त्या मॅचला तीन जण असे बरे झाले. हरलो तीन-शून्यनंच. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य होतं: 'संघाने काही सुरेख चढाया केल्या, पण समन्वयाअभावी त्यांना गोल करता आला नाही.' गेली दहा वर्षं हे वाक्य येतंय. आमच्यात समन्वयाचा अभाव आहे हे मला मान्य नाही. समन्वय करायला आधी माणसं लागतात.

परवाच्या मॅचला मी पुन्हा बेंचवर. दोन गोलांनी मागं होतो. राइट बॅक चालत होता. एवढ्यात गॅलरीतनं ओळखीचा आवाज आला. सगळा जीव एकवटलेला, दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जाईल असा.

"बदला की त्याला!"

मी पाण्याच्या जारच्या आड सरकलो. कोच वळले. जाळीपर्यंत गेले. माझा दोस्त तोंडात चिरमुरे तसेच धरून उभा होता.

"सोमवारी येतोस न्हवं तालमीत?" कोच त्याला म्हणाले. "येताना आधारची झेरॉक्स आण. आणि दोन फोटो."