एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: किचनची भिंत, गॅसचा पाइप आणि ओव्हनचा पॉइंट

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रकरण थोडक्यात सांगतो. नेरूळच्या तुमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि किचनमधली भिंत काढायची होती, गॅसचा पाइप ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता आणि ओव्हनसाठी नवीन पॉइंट हवा होता. आम्ही येऊन बघितलं आणि या तिन्ही कामांना वेगवेगळी, परवाना असलेली माणसं लागतील असं सांगितलं. तुम्ही लिहिलंय की साध्या कामाचा बाऊ केला, बिल फुगवायचा डाव होता, वर नुसतं बघायला आल्याचे ५०० रुपये घेतले. शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रीने दोन दिवसांत सगळं करून दिलं.

५०० रुपयांचं आधी उरकतो. ते फोनवरच सांगितले होते, पावतीही दिली. काम दिलं असतंत तर बिलातून वजा झाले असते.

आता डाव. इंजिनिअरची फी तुम्ही इंजिनिअरला देणार होतात, गॅसचे पैसे गॅस कंपनीला. आमच्या गल्ल्यात त्यातलं काही येत नाही. खरं तर ती भिंत आमच्याच पोरांनी घण घालून पाडली असती तर माझा फायदा झाला असता. म्हणजे डावच असेल तर तो धंद्याच्या दृष्टीने फारच गाढवपणाचा.

भिंतीबद्दल तुमच्यासमोरच बोललो होतो, पण तेव्हा तुम्ही फोनवर होतात, म्हणून परत लिहितो. हॉलच्या छताखालून एक बीम येतो, त्या भिंतीत शिरतो आणि पलीकडे किचनमध्ये बाहेर पडतच नाही. मग तो टेकलाय कशावर? एकतर भिंतीच्या पोटात खांब आहे, नाहीतर भिंतच त्याचा भार घेतेय. भिंतही चार इंची नाही, नऊ इंची आहे. चार इंची भिंत बहुतेक वेळा नुसत्या आडोशाची असते. नऊ इंची दिसली की आमचा मिस्त्री हात आवरतो आणि मला फोन करतो. जुन्या बिल्डिंगांमध्ये काही ठिकाणी भिंतीच मजले पेलतात, हे प्लास्टरवर टकटक करून कळत नाही. त्यासाठी बिल्डिंगचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. भार पेलणाऱ्या भागाला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची एनओसी. हे नियम माझे नाहीत.

जून २०२२ मध्ये आपल्या नेरूळमध्येच एका इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लोअरिंगचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत गेला. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला आख्खी इमारत बसली, १७ माणसं गेली. तिथे तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथेही काम सुरू करताना कोणीतरी ‘साधंच आहे’ म्हणालं असणार.

फ्लोअरिंगचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण तुम्ही जुन्या टाइल्सवरच नवीन बसवायचंही विचारलं होतं. टाइल्स बसवायला कसलाही परवाना लागत नाही, ते काम आम्ही रोज करतो. पण दोन इंची मालाचा (सिमेंट-वाळूचा) थर म्हणजे चौरस फुटाला साधारण १० किलो वजन. १५० फुटांच्या हॉलमध्ये दीड टन झाले, वर टाइल्स वेगळ्या. जुन्या स्लॅबवर हे चढवण्याआधी मी जुनं काढायला सांगतो, आणि लोकांना वाटतं हा तोडफोडीचे पैसे लावतोय.

गॅसच्या पाइपाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. महानगर गॅसची लाइन घरात सरकवायची असेल तर अर्ज त्यांच्याकडेच करायचा, काम त्यांची अधिकृत माणसं करतात आणि जोडणी झाल्यावर गळतीची तपासणी करतात. नाक्यावरचा मिस्त्री सिलिंडरवर शिकलेला असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. ओव्हरहेड कपाटात, पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन बसतो. म्हणून तो पाइप भिंतीत गाडायचा नसतो, बंद कपाटातून न्यायचा नसतो, उघडा दिसला पाहिजे. तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोत नवीन किचन छान दिसतंय, पण पाइप कुठेच दिसत नाही.

विजेचा नियम तर लोकांना वाटतो त्याहून सोपा आहे. बल्ब-ट्यूब, पंखा, बिघडलेलं बटण, फ्यूज यांसारखं जसंच्या तसं बदलायचं असेल आणि वायरिंगची क्षमता बदलत नसेल, तर परवान्याचा प्रश्न नाही. घरमालकानेही मेन बंद करून बटण बदलावं, त्यासाठी मला बोलावू नये (बोलावलंत तरी व्हिजिट चार्ज आहेच). पण नवीन पॉइंट काढणं, वायर ओढणं, बोर्डात भर घालणं म्हणजे वायरिंगच बदलणं. ते काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या वीज ठेकेदाराकडूनच आणि परमिट असलेल्या वायरमनच्या हातूनच झालं पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतच तसं आहे.

तुमचा ओव्हन २२०० वॅटचा, म्हणजे साडेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार. तुमच्या ओट्यावरचा पॉइंट ६ अँपिअरचा, आणि आत एक एमएमची वायर, तीच पुढे मिक्सरला आणि दिव्याला गेलेली. मी बोर्ड उघडून दाखवलं होतं. त्यावर ओव्हन लावला की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, पडतो. मग मिस्त्री काय करतो? एमसीबी मोठा बसवतो. पडायचा थांबतो, सगळे खूश. पण एमसीबी वायरला जपण्यासाठी असतो. तो मोठा केला की भिंतीतली वायर तापत राहते आणि तो शांत बसतो. अशा उपकरणाला मेन बोर्डापासून स्वतंत्र जाडी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. एसी आणि गीझर आधीच असतील तर मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली मर्यादा) पुरतो का तेही बघावं लागतं. वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज आणि ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट.

तुमच्या यादीतली बाकीची कामं, म्हणजे सिंक बदलणं, नळ, रंग, कपाटं, टाइल्स, आम्ही त्याच आठवड्यात सुरू करतो म्हटलं होतं. कोटेशनमध्ये ती वेगळी लिहिलेली आहेत. तिथे कोणाचाही परवाना मागितला नव्हता.

स्टार एकच राहू द्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गॅस कंपनीला आजच फोन करून लाइन तपासून घ्या आणि कपाटामागे गेलेला पाइप बाहेर काढायला सांगा. तोवर रात्री मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करत जा. वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन फोन करा. परवान्याचा वायरमन येऊन बघेपर्यंत ओव्हन लावू नका. मेन बोर्डात ३२ (म्हणजे ३२ अँपिअर) लिहिलेला नवीन एमसीबी दिसला तर तो त्यालाच दाखवा. भिंत काढलेल्या जागी बीमला तिरका तडा दिसतोय का, वरच्या मजल्यावरच्यांच्या भिंतीला फट गेलीय का, दरवाजे अचानक घासायला लागलेत का, हे बघा आणि वरच्यांनाही विचारा. यातलं एक जरी असेल तर सेक्रेटरींना सांगून सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आमचा व्हिजिट चार्ज लागणार नाही, कारण आम्ही येणार नाही. ते काम आमचं नाही.