बिडाचा तवा, नॉनस्टिक आणि तो फिरणारा मेसेज: एकेक मुद्दा घेऊन सांगते

गेले पंधरा दिवस एकच मेसेज भिशीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर फिरतोय. मला चौघींनी पाठवला आणि चौघींनी खाली लिहिलंय, ताई हे खरं का हो. कारण त्यांना माहितीय मी इथं सांगलीत घरातनं डोसे-आंबोळ्यांच्या ऑर्डरी घेते आणि माझ्या ओट्यावर बिडाचे (म्हणजे ओतीव लोखंडाचे) दोन तवे आणि एक नॉनस्टिक पॅन रोज चालतात. मेसेज थोडक्यात असा: नॉनस्टिक आजच फेका, त्याचा थर पोटात गेला की कॅन्सर. बिडाचाच तवा घ्या पण त्याला जन्मात साबण लावू नका. तवा लालबुंद तापवा आणि तेल सढळ सोडा म्हणजे काही चिकटणार नाही. त्यात टोमॅटो-चिंच घातली तर विष होतं. गंज धरला तर तवा भंगारात घाला. आणि शेवटी, लोखंडात शिजवा आणि रक्तवाढीच्या गोळ्या बंद करा.

मी शेवटच्यापासून सुरू करते कारण बाकीच्यानं फार तर डोसा फाटेल, यानं माणसाचं नुकसान होतं. माझ्या नात्यातली एक पोरगी, सहावा महिना चालू, तिनं हा मेसेज वाचून खरंच गोळ्या बंद केल्या होत्या. वर मला सांगत होती की काकी मी आता सगळं बिडाच्या कढईतच करते. लोखंडी भांड्यात शिजवल्यावर अन्नात लोह उतरतं ही गोष्ट खरी आहे, नाही म्हणत नाही मी. पण किती उतरतं ते पदार्थ किती ओला, किती आंबट आणि किती वेळ शिजला त्यावर ठरतं. दोन मिनिटांत तव्यावरनं उतरणाऱ्या डोशात कितीसं येणार? गरोदर बाईला सरकारी कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी असते, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस, आणि ते प्रमाण ठरवून दिलेलं असतं, कढईतनं असं मोजून काही येत नाही. कढई वापरा, जरूर वापरा, पण गोळी बंद करायची का चालू ठेवायची ते डॉक्टर सांगणार, मेसेज नाही. गोळीनं मळमळत असेल तर आशाताईंना (सरकारी आशा सेविकेला) सांगा, त्या मार्ग काढतात. आमच्या पोरीनं परत चालू केल्यात.

आता गंमत बघा, त्याच मेसेजमध्ये वर लिहिलंय की आंबट घातलं की विष. अहो लोह सगळ्यात जास्त उतरतं ते आंबटातच, मग एकाच मेसेजात विष पण तेच आणि औषध पण तेच कसं? मला वाटतं ही भीती पितळेच्या भांड्यांवरनं आलीय. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचा कोळ ठेवला की कळकतो, त्यात तांबं उतरतं आणि ते खरंच बाधतं, उलट्या होतात, आपल्या आज्ज्या त्यासाठीच कल्हईवाल्याची वाट बघायच्या. बिडाचं तसं नाही. बिडात टोमॅटोची भाजी पटकन परतली तर काही होत नाही. तासभर आमटी उकळत ठेवली किंवा रात्रभर तशीच राहू दिली तर ती काळी पडते, तोंडात लोखंडाची चव येते आणि तव्या-कढईचा मुरलेला थर निघतो. एवढंच. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढा.

हा मुरलेला थर काय असतो ते कळलं की साबणाचं कोडं पण सुटतं. तेलाचा पातळ हात देऊन तवा धुरावेपर्यंत तापवला की तेल तेल राहत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कडक, काळसर, गुळगुळीत थर होतो आणि तो लोखंडाला धरून बसतो. यालाच सीझनिंग म्हणतात. हा थर भांड्याच्या लिक्विडच्या दोन थेंबांनी जात नाही, मी रोज धुते. मग साबण नको ही गोष्ट आली कुठनं? पूर्वी भांडी राखेनं घासायची, नाहीतर सोड्यानं, जुन्या साबणात कॉस्टिक पण जोरदार असायचा, आणि अशा खारानं तो थर खरंच सुटतो. म्हणजे जुन्या बायका त्यांच्या काळात बरोबरच होत्या. आजही साबणाच्या वडीत सोडा आणि खरखरीत पूड असते म्हणून वडी आणि तारेची घासणी मी तव्याला लावत नाही, लिक्विड आणि मऊ घासणी लावते. काही चिकटलंच तर जाडं मीठ घालून फडक्यानं घासते. आणि धुण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे लगेच गॅसवर ठेवून वाळवायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. न धुता ठेवला तर जुनं तेल खवट होऊन चिकट होतं, मग त्याच चिकटपणाला पुढचा डोसा धरतो आणि बाई म्हणते तवाच खराब निघाला.

आता लालबुंद तापवण्याचं. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण नव्वद टक्के बायकांचं गणित इथंच चुकतं असं माझं मत झालंय. आमचे दीर कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, त्यांनी मला नीट सांगितलं की बिडात कार्बन साधारण तीन-चार टक्के असतो, ते ओततात, ठोकून घडवत नाहीत, आणि उष्णता त्यातनं ॲल्युमिनियमच्या जेमतेम चौथ्या हिश्शानं सरकते. (ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडाचे नांगर तयार झाले तिथल्या बायकांना बीड म्हणजे काय हे माहीत असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.) तर उष्णता सावकाश सरकते म्हणून मोठी आच लावली की तवा मधे जळतो आणि कडेला गारच राहतो, मधलं करपतं आणि कडेचं चिकटतं. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या, मधनंमधनं तवा फिरवा. मग पाणी शिंपडून बघा. पाणी नुसतं बसून राहिलं तर अजून वेळ आहे. चुर्र होऊन लगेच उडालं तर डोशाला बरोबर. थेंब गोट्यांसारखे तव्यावर पळायला लागले तर तवा डोशासाठी जास्त तापलाय, अशा तव्यावर पीठ पसरतच नाही, पळीबरोबर गोळा होऊन वर येतं. मग पाण्याचा हबका मारायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून घासायचा आणि मग पीठ. हबका म्हणजे चार थेंब हं, तापलेल्या बिडावर गार पाण्याची धार सोडली तर तवा तडकू शकतो.

का चिकटतं, तर पिठातली, अंड्यातली प्रथिनं कच्ची असताना धातूला धरतात. खालची बाजू भाजून खरपूस झाली की आपोआप सोडतात. म्हणून कडा सुटल्याशिवाय उलथनं घालायचंच नाही. थांबायचं. फ्रिजमधलं गार पीठ तसंच ओतायचं नाही, अर्धा तास बाहेर ठेवायचं, नाहीतर तवा एकदम निवतो. आणि तवा खरोखर लाल केला तर तो थरच जळून जातो, तवा राखेसारखा करडा दिसायला लागतो. भाकरीचा तवा तसा असतो बघा, रोज कडक आचेवर कोरडाच तापतो. भाकरीला ते चालतं कारण तिचं पीठ घट्ट मळलेलं असतं, घावनासारखं पातळ नसतं. पण त्याच तव्यावर घावन घातलं की फाटलंच. सासूबाई भाकरीच्या तव्याला घावनासाठी हात लावू द्यायच्या नाहीत, त्याचं कारण हे.

तेल सढळ सोडण्याबद्दल एकच सांगते, जादा तेल भाजत नाही, चिकट पापुद्रा होऊन बसतं. पातळ हात पुरतो.

नॉनस्टिकचा कॅन्सर. इथं अर्धं खरं आणि अर्धं खोटं एकत्र कालवलंय म्हणून नीट वाचा. नॉनस्टिकचा थर म्हणजे पीटीएफई (टेफ्लॉन म्हणतो ते), रॉय प्लंकेट या केमिस्टला १९३८ साली अमेरिकेत तो अचानक सापडला. हा थर कशातच विरघळत नाही, पचत नाही, एखादा कण पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. कॅन्सरशी नाव जोडलं गेलंय ते पीएफओएचं. ते रसायन हा थर बनवताना कारखान्यात वापरायचे, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसात कॅन्सर करणारं म्हणून जाहीर केलंय हे अगदी खरं. पण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर बंद केला. आता नवीन पॅन घेताना पीएफओए नाही असं लिहिलेलं बघूनच घ्या.

खरा धोका वेगळाच आहे आणि मेसेजात त्याचा शब्द नाही. रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर ठेवला की काही मिनिटांत तो २६० अंशांच्या पुढे जातो आणि थर बिघडायला लागतो, आणखी तापला तर त्यातनं धूर निघतो, त्यानं माणसाला ताप-कणकण येते आणि पिंजऱ्यातला पोपट मरू शकतो. म्हणून रिकामा तापवायचा नाही, आधी थोडं तेल घालायचं, आच बारीक ते मध्यम. तेलच धुरकटायला लागलं तर पॅन फार तापलाय समजून गॅस बंद करा. ज्वारीची भाकरी, कोरडं भाजणं, पापड असलं काही त्यावर नको. लाकडी कालथा वापरा, गरम पॅन नळाखाली धरू नका. थर सोलला गेला असेल तर बदला, कारण तो चिकटायला लागतो. चांगला असेल तर अंड्याला, धिरड्याला खुशाल वापरा, नवं लग्न झालेल्या पोरींना मेसेज वाचून चांगला पॅन कचऱ्यात टाकताना बघितलं की जीव तुटतो.

आणि गंज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात आठवडाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आईचा बिडाचा तवा गाळातनं निघाला, सगळा तांबडा, हात लावला की पूड निघायची. सगळे म्हणाले टाक. मी चिंचेचं पाणी चोळून तासभर ठेवला, तारेनं घासला (अशा वेळी तारच पाहिजे), परत चोळला, काळं लोखंड दिसेपर्यंत. मग स्वच्छ धुऊन लगेच गॅसवर वाळवला, करडईच्या तेलाचा हात दिला आणि कोरड्या फडक्यानं ते तेल पुसूनच काढलं, म्हणजे राहील तेवढंच राहील. खिडक्या उघडून धूर थांबेपर्यंत तापवला, निवू दिला, परत तेल, परत ताप, असं पाच वेळा. पहिले आठ दिवस त्यावर नुसता कांदा परतला. त्यानंतर डोसे. आज ऑर्डरीचे डोसे त्याच तव्यावर होतात, फक्त कडेला एका जागी गंजानं खड्डा पडलाय, तिथं पीठ अजून जरा धरतं, तेवढं उलथन्याच्या टोकानं सोडवून घेते.