तठे कोन शे आपलं?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी अमळनेरला होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, दुपारचा आमरस झालेला, आणि ओट्यावर शेजारचे काका-काकू येऊन बसले. चार दिवसांनी निघायचं होतं त्यांना. बारा दिवसांची युरोपची टूर, वाटेत दोन दिवस दुबई. काका रिटायर झाले तेव्हापासूनचं त्यांचं स्वप्न. त्या ओट्यावर जो वाद झाला तो जर्मनीत स्टुटगार्टला परत येऊन तीन आठवडे झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या चुलतभावाचं मेडिकल आहे. त्याने काकांसाठी पिशवीच भरून आणली होती. अँटिबायोटिकचे दोन कोर्स, जुलाबाच्या गोळ्या, पेनकिलर, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या. वर भाषण. "काका, तिकडे माणूस मरायला टेकला तरी डॉक्टर भेटत नाही. साध्या सर्दीला तीन महिन्यांनी नंबर लागतो. आपल्याकडे कसं, रात्री बाराला दार वाजवा, डॉक्टर उठतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांची पुण्यातली नात उलट बाजूने सुरू झाली, की आजोबा, एक सॅक पुरे, तिकडे सगळं मिळतं, हे गाठोडं कशाला. मी तोंड उघडलं तर भाऊ म्हणाला, "तू तर आता तिकडचीच झाली. तुला तिकडचंच चांगलं दिसणार."

चौदा वर्षं झाली मला इथे. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी तेवढंच लागतं.

आधी त्या तीन महिन्यांचं बघू. कातडीच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला तर जर्मनीत महिनोन् महिने जातात, हे खरं आहे. पण टूरवर आलेल्या माणसाला कातडीचा डॉक्टर कशाला लागतो? त्याला लागतं ते पोट बिघडल्यावर, पाय मुरगळल्यावर, रात्री ताप चढल्यावर. त्यासाठी इथे गल्लोगल्ली आपोथेके, म्हणजे औषधांचं दुकान आहे, आणि काउंटरवरची बाई गोळी द्यायच्या आधी चार प्रश्न विचारते. रविवारी बंद असलं तर दारावर लिहिलेलं असतं, आज नोटडीन्स्ट, म्हणजे पाळीने उघडं राहणारं दुकान, कुठे. रात्री बेल दाबायची, दारातली छोटी खिडकी उघडते, अडीच युरो जास्त देऊन औषध घ्यायचं. जिवावरचं नाही पण सकाळपर्यंत थांबवतही नाही, अशा वेळी डॉक्टरसाठी फोन ११६११७ ला. जिवावरचं असेल तर ११२, आणि तो नंबर युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात तोच. तो आता भारतातही चालतो. ओट्यावर एकालाही ठाऊक नव्हतं.

आणि रात्री बाराला दार उघडतं ते कोणासाठी? माझ्या भावासाठी. अमळनेर-जळगावच्या निम्म्या डॉक्टरांचे मोबाइल नंबर त्याच्याकडे आहेत. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय? नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तेही खान्देशच आहे. ओळख ही व्यवस्था नव्हे, हे मी त्याला सांगितलं, आणि माझा आवाज चढला. इथे आधी आत कोणाला घ्यायचं ते कोण जास्त आजारी आहे यावर ठरतं. हे मला आता इतकं अंगवळणी पडलंय की तिकडे कोणी "आपला माणूस आहे, आधी घ्या" म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

त्या पिशवीचा राग वेगळा. खोकल्याच्या एका बाटलीत कोडीन होतं, अफूच्या जातीचं औषध. बरोबर डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि काका दुबईत उतरणार. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल असली औषधं न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. ट्रॅमाडॉल आपल्याकडेही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. जपानला तर स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी नेताच येत नाही. काकूंच्या पिशवीत काळा मसाला होता, तो ठीक. पण शेजारच्या पुडीत खसखस होती, आणि खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. काकूंचा विश्वास बसेना. "खसखस? पोरी, लाडवात टाकतो आपण." मी ती पुडी हट्टाने काढून ठेवली. माझ्या भावाने मेडिकल काढून पंधरा वर्षं झाली आणि त्याला हे माहीत नसावं, याचा मला संताप आला.

नातीचंही मला पटलं नाही. सगळं मिळतं हे अर्धंच खरं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पॅरासिटामॉलसुद्धा इथे चिठ्ठीशिवाय पाचशेच्या वीस गोळ्यांच्या पाकिटापर्यंतच. आणि आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच गोळीत घातलेली असतात, ती तशीच्या तशी गोळी दुसऱ्या देशात असेलच असं नाही. हे मी अनुभवावरून सांगते.

२०२२ च्या डिसेंबरात आई पहिल्यांदा एकटी इकडे आली. चेक-इनच्या दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो. बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ, ठेचा, माझ्यासाठी शिवून घेतलेली गोधडी. मी फोनवर बजावलं होतं, तूप आणू नको, दुधाचं काही चालत नाही, आणि भरिताची वांगी अजिबात नको, २०१९ च्या डिसेंबरापासून भाजी-फळाला सरकारी प्रमाणपत्र लागतं. फक्त पाच फळांना ते लागत नाही. अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळं. केळं म्हटल्यावर आईला किती आनंद झाला! भरिताचं वांगं आणि केळं, जळगावच्या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलं निदान एक तरी लेकीपर्यंत पोचणार होतं. तिने अर्धकच्च्या केळ्यांच्या दोन फण्या कॉटनच्या साडीत गुंडाळून केबिन बॅगेत ठेवल्या. हातात राहिल्या म्हणजे दबणार नाहीत. केबिन बॅग केळ्यांनी भरली, म्हणून औषधांचा डबा चेक-इनमध्ये गेला.

विमान बदलायच्या ठिकाणी दोन्ही बॅगा मागे राहिल्या.

आई शनिवारी दुपारी माझ्या दारात उभी राहिली ती केळी घेऊन. संध्याकाळपर्यंत तिला गरगरायला लागलं. तिच्या पर्समध्ये स्ट्रिपचा एक तुकडा होता, मेडिकलवाले कात्रीने कापून देतात तसा, चार गोळ्यांचा. त्यातल्या तीन खोबणी रिकाम्या. मागच्या चंदेरी कागदावर नावातलं शेवटचं एक अक्षर आणि खाली किमतीचे दोन आकडे. बाकी नाव, तारीख, पॉवर, सगळं कात्रीच्या पलीकडे अमळनेरला राहिलेलं. ११६११७ वर पाऊण तास थांबून आम्ही हॉस्पिटलमधल्या नोटफालप्राक्सिसमध्ये, म्हणजे सुट्टीच्या वेळी चालणाऱ्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर होती. तिने तो तुकडा दिव्याखाली धरून उलटापालटा केला आणि विचारलं, आई कुठलं औषध घेते? आई मला म्हणाली, "सकाळी पांढरी, रात्री लांबुळकी. तुला माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. आईची साखर किती वर्षांपासून आहे, तेही मी डॉक्टरला अंदाजाने सांगितलं.

तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, म्हणजे अमळनेरला दोन. मी चुलतभावाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. दहा मिनिटांत तो खाली दुकानात गेला, शटर उघडलं, आईचं खातं काढलं आणि गोळ्यांचे फोटो पाठवले, प्रत्येकाखाली औषधाचं मूळ नाव आणि डोस टाइप करून. साखरेची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन. साखर तीनशेच्या वर गेली होती. डॉक्टरने ती दोन औषधं वेगवेगळी लिहून दिली, निळ्या, म्हणजे खासगी चिठ्ठीवर. साडेअकराला नोटडीन्स्टच्या खिडकीतून गोळ्या हातात आल्या. भाऊ तोवर जागा होता. घेतली का गोळी, एवढंच त्याने विचारलं.

हे मी आखाजीच्या दिवशी ओट्यावर सांगितलं नाही. रात्री बाराला उठणारा डॉक्टर वगैरे तो बोलत होता तेव्हा मला ती रात्र लख्ख आठवत होती, आणि मी तोंड मिटून बसले. माझा मुद्दा दुबळा झाला असता. ओळख ही व्यवस्था नव्हे, हे मला आजही खरंच वाटतं. पण त्या रात्री ११६११७ आणि माझ्या भावाचं शटर, दोन्ही लागलं होतं.

बिल तीन आठवड्यांनी पोस्टाने आलं. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोची पॉलिसी घ्यावीच लागते, ती आईची होती. विमा कंपनीने जुना आजार म्हणून नकार दिला. अशा बहुतेक पॉलिसींत आधीपासूनची साखर, बीपी वगळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरांत असतं. मी स्वतः ऑनलाइन काढलेली पॉलिसी होती ती. तीस हजाराचा आकडा वाचला, पुढचं पान वाचलं नाही.

म्हणून काकांना मला सांगायचं होतं ते एवढंच, की बॅग भरलेली आहे की हलकी आहे यावर भांडू नका. रोजची औषधं अख्ख्या स्ट्रिपमध्ये, न कापता, टूरचे दिवस अधिक एक आठवडा एवढी, अंगाजवळच्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर तेही जवळच, खाली सामानात गोठू शकतं. डॉक्टरकडून इंग्रजीत एक कागद, त्यावर आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस. विमा कंपनीचा नंबर कागदावर, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. बाकीची पिशवी इथेच ठेवा. मी हे ओट्यावर नीट सांगू शकले असते. पण माझं सगळं लक्ष भावाला खोटं पाडण्यात होतं.

आई प्रत्येक वेळी निरोप देताना म्हणते, "तठे कोन शे आपलं?" तिथे आपलं कोण आहे? मी पहिली काही वर्षं त्याचं उत्तर द्यायचे. नंबर सांगायचे, क्रांकेनकासे, म्हणजे इथला आरोग्य विमा, कशी चालते ते समजवायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आबा बाथरूममध्ये पडले. १०८ ला फोन केलेला होता, पण ती यायच्या आत याच शेजारच्या काकांनी आपली गाडी काढली आणि आबांना धुळ्याला नेलं. चुलतभाऊ दोन रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपला. मी चौथ्या दिवशी पोचले, सात किलोची केबिन बॅग घेऊन. मला याचा अभिमान होता. सामानाच्या पट्ट्याशी थांबले नाही, मुंबईला उतरून सरळ गाडी पकडली. दारात आईने बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "इतलंच?" ती रागावली नव्हती. एवढ्या हलक्या बॅगेने आलेली लेक किती दिवस राहणार, ते तिने तेवढ्यात मोजलं होतं. मी नवव्या दिवशी परतले. इकडे त्या आठवड्यात माझी केअरवोखे, म्हणजे बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी, चुकली होती, आणि शेजारणीने माझ्या दाराला एक चिठ्ठी अडकवून ठेवली होती.

तिकडची झाली म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण तिकडची झाल्याचा पुरावा माझ्याकडेही नाही. स्टुटगार्टला रात्री मला काही झालं तर मी ११२ फिरवीन आणि ते येतील, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याबरोबर गाडीत कोण बसेल, हे मला सांगता येत नाही.

ओट्यावरच्या वादानंतर त्याच संध्याकाळी काकू एकट्याच माझ्याकडे आल्या, हातात वहीचं पान. म्हणाल्या, तू काय कागदाचं म्हणत होती, तो करून दे. मी त्यांना घेऊन भावाच्या मेडिकलमध्ये गेले. त्याने काही न बोलता काउंटरच्या आत स्टूल सरकवलं. दोघांची चालू औषधं काढली, नावं एक-एक करून सांगत गेला, मी इंग्रजीत लिहीत गेले. उद्या यावर त्यांच्या डॉक्टरची सही-शिक्का आणतो, म्हणाला. कोडीनची बाटली त्याने स्वतःच उचलून फळीवर परत ठेवली. गोळ्या देताना सवयीने कात्री हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि स्ट्रिप अख्खीच दिली.

त्यांची बस ब्लॅक फॉरेस्टला तितिसेला थांबणार होती. माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत ११२ लिहिलं आणि काकूंना दाखवलं, काही झालं तर आधी हा. काकूंनी चष्मा वर केला, त्या आकड्याच्या वर उरलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी तुना नंबर लिख."