शाळेत भविष्य बसवताना घ्यायची काळजी

शाळेत भविष्य बसवायचं ठरवलंत, अभिनंदन! चांगले शिक्षक टिकवण्यापेक्षा हे काम केव्हाही सोपं. भविष्य खोक्यातून येतं, भिंतीवर टांगता येतं आणि पगारवाढ मागत नाही. फक्त खरेदीच्या बैठकीत ‘मुलांना शिकवायचं नेमकं काय?’ हा प्रश्न कोणाला काढू देऊ नका. कोटेशनं अडकून पडतात.

डिजिटल फळा सगळ्यात मोठा घ्या. फीत कापून झाली की त्याचं पेन कपाटात ठेवून किल्ली एकाच सरांकडे द्या, आणि सरांना ताबडतोब प्रशिक्षणाला पाठवा. पेन हाती लागलंच, तर सर टेकवतील एकीकडे आणि रेघ उमटेल चार बोटं पलीकडे. तेवढा तास मुलांना खरंच आवडतो. एरवी फळ्यावर पाठ्यपुस्तकाचं पान लावावं. तेच पान मुलांच्या पुढ्यातही उघडं असतं, पण ते कुठे चमकतं? मग मुलांनी ते फळ्यावरून वहीत उतरवून घ्यावं.

संगणकाच्या तासाला भर थिअरीवर हवा. ‘माउसची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’ हा प्रश्न पाच गुणांना हमखास ठेवा. प्रात्यक्षिक टाळता आलंच नाही, तर एका यंत्रापुढे पाच जण बसवा: एक टाइप करेल, एक चुका काढेल, बाकीचे साक्षीदार. फाइल सेव्ह करण्याच्या पायऱ्या मात्र तोंडपाठ हव्यात. क्रम चुकला की अर्धा गुण कापायचा, फाइल सेव्ह झालेली असली तरी.

पालकांपैकी कोणी शंका काढलीच, तर इतिहास सांगा. अर्धाच. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल, असं एडिसन 1913 साली म्हणाला होता. 1950च्या दशकात स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शिकवणारं यंत्रच आणलं. क्रांती दारात उभी होती एवढं सांगून थांबावं. आत आली का, ते सांगत बसू नये. पेरूचं नाव तर काढूच नका. त्या देशाने मुलांना 8 लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, आणि 2012 साली अभ्यासकांनी तपासलं तर गणित-भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. अभ्यासकांना दुसरे उद्योग नसतात.

एआयचं काय, असं विचाराल. त्यात वेळ घालवू नका. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी 2023 मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. तुम्ही दोन्ही परिपत्रकं एकदमच टाइप करून ठेवा. निबंधाचा विषय ‘विज्ञान : शाप की वरदान’ हाच असू द्या, तो यंत्राने लिहिला की मुलाने, हे तसंही आजवर कधी कळलेलं नाही.

धोका खरा दुसराच आहे. लॉस एंजेलिसमध्ये 2013 साली मुलांना आयपॅड दिले, तर काही आठवड्यांतच शेकडो पोरांनी त्यावरचं कुलूप उडवलं. अडचण कुठे आहे ते शोधलं, तोडगा काढला, एकमेकांना शिकवलं. तेही कोणी न सांगता, बिनगुणांचं! प्रशासनाने आयपॅड घरी न्यायलाच मनाई केली. तुम्हीही तसंच कडक राहा. अशी पोरं सापडली की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी करा. त्यांचा ‘समस्या सोडवण्याची कौशल्ये’ हा तास बुडेल, पण इलाज नाही. नोट्स नंतर उतरवून घेतील.