टायर कापले, स्क्रू मारले, झालं शिल्प?

जुन्या टायरांपासून शिल्पं घडवणाऱ्या अमेरिकी शिल्पकार चकाया बुकर यांच्या कामाच्या फोटोंसोबत एक शेरा हमखास फिरतो: फुकटचं भंगार, त्याला कसब लागत नाही, सगळं काळंच, हे टिकणार नाही, आणि नशिबाने मिळालेलं नाव.

नशिबाचं आधी उरकू. जन्म १९५३, नेवार्क, न्यू जर्सी. रटगर्स विद्यापीठातून १९७६ मध्ये समाजशास्त्राची पदवी. १९८० च्या दशकात त्या अंगावर घालायची शिल्पं करत होत्या. मातीकाम आणि विणकामही शिकल्या. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी. व्हिटनी बिएनाले, म्हणजे अमेरिकी कलेचं दर दोन वर्षांनी भरणारं मानाचं प्रदर्शन, आली २००० मध्ये; गुगेनहाइम फेलोशिप ही मानाची शिष्यवृत्ती २००५ मध्ये. याला नशीब म्हणायचं तर म्हणा.

आता कसब. रेडियल टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. सायडवॉल, म्हणजे टायरची बाजू, धारदार सुरीने कापता येते, पात्याला साबणाचं पाणी लावत राहिलं तर. कोरडं पातं रबरात रुतून बसतं. ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागाखाली, मात्र स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. तिथे धातू कापायच्या पात्याची करवत लागते, आणि ती जोरात चालवली की रबर तापून चिकट होतं, धूर सोडतं. टायरच्या आतल्या कडेतली, रिमला घट्ट बसणारी बीडची तार तर साध्या पकडीला दाद देत नाही. कापलेल्या कडेतून बारीक तारा सुयांसारख्या बाहेर येतात, हातमोजेही भेदतात.

गोंदाने चिकटवावं म्हटलं, तर रबरातलं मेण हळूहळू वर येतं आणि जोड सुटतो. म्हणून आत लाकडाचा किंवा स्टीलचा सांगाडा, त्यावर स्क्रू आणि बोल्ट. टायर गोल राहायलाच घडवलेला. पट्टी उलटी वाकवली की ती सतत मागे ओढते. रुंद वॉशर नसेल तर स्क्रूचं डोकं रबर फाडून आरपार निघतं. सांगाडाही हा ताण धरूनच बांधावा लागतो, वजनाचा प्रश्न वेगळाच.

‘सगळं काळंच’ म्हणणाऱ्याने जवळ जाऊन पाहावं. झिजलेला ट्रेड राखाडी, आतली बाजू निराळी, ट्रॅक्टरच्या खोल खाचा वेगळ्या, सायकलच्या टायरची नक्षी वेगळी. त्या छटांत बुकर कृष्णवर्णीयांच्या त्वचेचे रंग पाहतात, ट्रेडच्या नक्षीत आफ्रिकेतली कापडं आणि अंगावर कोरलेल्या खुणा.

राहिलं ‘हे टिकणार नाही’. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यूवर त्यांची शिल्पं भर रहदारीत उघड्यावर उभी राहिली. टायरमधला कार्बन ब्लॅक, म्हणजे रबरात मिसळलेली काजळीसारखी काळी पूड, ऊन झेलतो. पावसात आधी गंजतात त्या कापलेल्या कडेच्या तारा.