70 तासवाल्या फॉरवर्डला एकदा नीट उत्तर

तो मेसेज परत फिरतोय. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मधे तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं म्हटलं, जानेवारी 2025 मधे एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रमण्यन यांचा आठवड्याला 90 तास आणि रविवारीही काम करा म्हणणारा व्हिडिओ आला, आणि आता त्याला फोडणी देऊन कोणीतरी लिहिलेलं फॅमिली ग्रुपवर येतंय की जर्मनी-जपान असेच उभे राहिले, जास्त तास म्हणजे जास्त काम, आधीच्या पिढ्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि मेंटल हेल्थ म्हणजे आजच्या मुलांचे लाड.

जर्मनीत युद्धानंतर लोक राबले, खरंय. पण 1956 मधेच तिथल्या कामगार संघटनांनी 'शनिवारी बाबा माझे' असं लहान मुलाच्या तोंडचं पोस्टर काढून पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम सुरू केली, आज जर्मन माणूस वर्षाला सरासरी 1340 च्या आसपास तास काम करतो, म्हणजे आठवड्याला 26. आणि जपान? अतिकामाने माणसं मेली तर घरच्यांना भरपाई द्यायची व्यवस्था तिथल्या सरकारला करावी लागली, 2018 मधे ओव्हरटाइमवर कायद्याने लगाम घातला, आणि एवढं राबूनही दर तासाच्या उत्पादकतेत जपान जी-7 या सात श्रीमंत देशांच्या गटात तळाला.

जास्त तास जास्त काम हेही खोटं. स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, तर 70 तास राबणाऱ्यांचं एकूण काम 56 तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त निघालंच नाही. वरचे 14 तास पाण्यात.

आधीच्या पिढ्या गप्प होत्या म्हणणाऱ्यांचा तर मला खरंच राग येतो, कारण हे मुंबईत बसून म्हणतात. 1884 मधे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून निवेदन दिलं, सभा घेतल्या, सहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी पदरात पडली. आपल्याच लोकांनी भांडून मिळवलेला रविवार आहे तो, कोणी खुशीने दिलेला नाही.

लाडांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मधे सांगितलंय की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम केलं तर 35-40 तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका 35 टक्क्यांनी वाढतो. पुण्यात 2024 मधे नोकरीला लागून चार महिने झालेली एक सीए मुलगी गेली, तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं, त्यात कामाच्या ओझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि मग लाड म्हणा.

आणि बाकीचं घर कोण बघणार? 2024 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकामाला बायका दिवसाला 289 मिनिटं देतात, पुरुष 88. नोकरी करणाऱ्या बाईने 70 तास कुठून आणायचे ते त्या मेसेजमधे कुठेच नाही.

आता कायदा, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तास, वरच्या कामाला दुप्पट पैसे. 70 म्हणजे आठवड्याला 22 तास जादा, तीन महिन्यांत 286. तीन महिन्यांत जास्तीत जास्त ओव्हरटाइम किती चालायचा, तर 2017 च्या कायद्यात 125 तास, आणि 2025 मधे सरकारने वाढवायचा ठरवला तोही 144, म्हणजे 286 च्या निम्म्यावर जेमतेम. मॅनेजर लोकांना कायदा लागू नाही, म्हणून तर तिशीच्या आत सगळेच कसले ना कसले मॅनेजर होतात. मी आधी होते त्या कंपनीत टाइमशीटला दिवसाचे 9 च्या वर तास टाकले की एंट्री लाल व्हायची आणि सेव्हच व्हायची नाही, मग सगळे मुकाट 9 टाकायचे आणि रात्री अकराला क्लायंट कॉलला बसायचे, मुलं शेजारच्या खोलीत झोपलेली म्हणून हळू आवाजात. रेकॉर्डवर सगळं कायदेशीर.

तेव्हा 70 तास मागणाऱ्यांनी आधी खरे तास टाइमशीटवर येऊ द्यावेत आणि जादा तासांचे दुप्पट पैसे सॅलरी स्लिपवर दाखवावेत.